शोधयंत्रांचा बातमीदार: डॅनी सुलिव्हन यांची कारकीर्द

शाईची_दौत

डॅनी सुलिव्हन हे नाव मराठी वाचकांपैकी फार थोड्यांच्या कानावर गेले असेल. मात्र गूगलसारख्या शोधयंत्राच्या निकालांच्या यादीत जाहिरात कोणती आणि खरा निकाल कोणता, एखादे पान वर का येते आणि दुसरे तळाशी का राहते, अशा प्रश्नांची सामान्य माणसाला कळतील अशी उत्तरे शोधण्यात या माणसाने वीसहून अधिक वर्षे घालवली. अमेरिकेतील या पत्रकाराने आपले बीट, म्हणजे बातमीदारीचे ठरलेले क्षेत्र, स्वतःच निर्माण केले आणि ते इतरांनाही शिकवले. त्यांच्या कारकिर्दीवर येथे सविस्तर चर्चा व्हावी, म्हणून हा धागा काढत आहे.

ते मूळचे वृत्तपत्रातले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील शाखेत शिक्षण झाल्यावर त्यांनी लॉस एंजेलिस टाइम्स आणि ऑरेंज काउंटी रजिस्टर या दैनिकांच्या ग्राफिक्स विभागांत काम केले. 1995 मध्ये वृत्तपत्र सोडून ते इंटरनेटवर काम करणाऱ्या एका छोट्या कंपनीत गेले. तेथील एका ग्राहकाने तक्रार केली की 'ऑरेंज काउंटी' असे शोधले तर आमची वेबसाइट सापडतच नाही. दुसऱ्या कोणी पत्ता पुन्हा नोंदवून ग्राहकाची समजूत घातली असती. सुलिव्हन तपासायला बसले. कोणते यंत्र नवे पान किती दिवसांनी वाचते, किती आतपर्यंत वाचते, शीर्षकातल्या शब्दाला किती वजन देते, हे त्यांनी एकेक करून पाहिले आणि एप्रिल 1996 मध्ये ते सारे वेबमास्टरांसाठीची, म्हणजे वेबसाइट चालवणाऱ्यांसाठीची, मार्गदर्शिका म्हणून इंटरनेटवर ठेवले. अल्टाविस्टा हे शोधयंत्र तेव्हा जेमतेम चार महिन्यांचे होते, आणि गूगल कंपनीची स्थापना व्हायला अजून दोन वर्षांहून अधिक काळ होता.

जून 1997 मध्ये त्या मार्गदर्शिकेचे 'सर्च इंजिन वॉच' हे इंटरनेटवरील प्रकाशन झाले. त्याच वर्षी मेक्लरमीडिया या कंपनीने ते विकत घेतले, पण संपादनाची सूत्रे सुलिव्हन यांच्याकडेच राहिली. तोवर ते इंग्लंडला गेले होते आणि पुढची बरीच वर्षे त्यांनी विल्टशायरमधील चिटर्न या खेड्यातून हे काम केले. ज्या उद्योगाची सगळी उलाढाल सिलिकॉन व्हॅलीत होत होती, त्याची सर्वांत विश्वासार्ह खबर एका इंग्रज खेड्यातून निघत होती, हे मला विशेष वाटते. रोजच्या जेवणावळींपासून आणि कंपन्यांच्या आवारांपासून दूर राहिल्यामुळे त्यांच्या लिखाणात एक प्रकारचा मोकळेपणा आला असावा, असे माझे मत आहे.

त्या काळी शोधयंत्र कंपन्यांची मोठी चढाओढ चाले ती आपल्या सूचीत, म्हणजे वाचून नोंदवून ठेवलेल्या साठ्यात, किती पाने आहेत या आकड्यावरून. आकडा कंपनीने सांगायचा आणि वर्तमानपत्राने छापायचा, असा शिरस्ता होता. सुलिव्हन तो आकडा छापत, पण आकडा मोठा म्हणजे निकाल चांगले असे होत नाही, हेही दर वेळी लिहीत. सप्टेंबर 2005 मध्ये गूगलने आपल्या मुख्य पानावरून पानांची संख्या काढून टाकली, तेव्हा ही स्पर्धा जवळजवळ थांबली.

नोव्हेंबर 1999 मध्ये त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोत या विषयावरची परिषद भरवली. वेबसाइटवाले आणि शोधयंत्रांचे अभियंते तेथे समोरासमोर बसले. पुढे ऑगस्ट 2005 मध्ये हे प्रकाशन आणि परिषदा मिळून 4 कोटी 30 लाख डॉलरना इन्सिसिव्ह मीडिया या कंपनीने घेतल्या. 2006 च्या अखेरीस सुलिव्हन तेथून बाहेर पडले आणि डिसेंबरमध्ये सहकाऱ्यांसह 'सर्च इंजिन लँड' हे नवे प्रकाशन सुरू केले. ज्या नावाला दहा वर्षे खतपाणी घातले ते दुसऱ्याच्या हाती ठेवून पुन्हा पहिल्या पानापासून आरंभ करायचा, आणि वाचकांनीही उठून त्याच्या मागे जायचे, यावरून विश्वास माणसावर होता हे दिसते.

ऑक्टोबर 2017 मध्ये ते गूगलमध्ये रुजू झाले. या शेवटच्या वळणाविषयी आपणा सर्वांची मते जाणून घ्यायला आवडेल.

निवृत्त_वार्ताहर

दौतताई, धागा आवडला. मी तीस वर्षे एका जिल्हा दैनिकात महापालिकेचे बीट सांभाळले, म्हणून दोन शब्द.

बीट म्हणजे नुसता विषय नसतो. दुपारी चार वाजता कोणत्या खिडकीवर गेले तर ठरावाची प्रत मिळेल, कोणता अभियंता खरे सांगतो आणि कोणता साहेबांना घाबरतो, स्थायी समितीच्या कोणत्या कागदाच्या मागच्या बाजूस खरा आकडा असतो, याची वर्षानुवर्षे साठलेली जाण म्हणजे बीट. आम्हाला ती जाण ज्येष्ठ सहकाऱ्यांकडून मिळाली. या गृहस्थांना देणारे कोणी नव्हते, कारण आधी कोणी हा विषय हाताळलाच नव्हता. शिवाय त्यांच्या विषयाला कचेरी नव्हती, सभेचे इतिवृत्त नव्हते, माहिती अधिकार नव्हता. आत काय चालते ते कंपनी सांगत नाही, म्हणून बाहेरून प्रश्न टाकायचे, येणारे उत्तर टिपून ठेवायचे आणि महिन्याने तोच प्रश्न पुन्हा टाकून काय बदलले ते पाहायचे, एवढाच मार्ग. हे काम बातमीदाराचे कमी आणि प्रयोगशाळेतील साहाय्यकाचे अधिक वाटते, आणि मला त्याविषयी अतिशय आदर वाटतो.

गूगलमध्ये जाण्याविषयी सांगतो. पालिकेवर कोरडे ओढणारा बातमीदार पुढे त्याच पालिकेचा जनसंपर्क अधिकारी झालेला मी पाहिला आहे. माणूस वाईट नव्हता, कामही चोख करत असे. पण त्या दिवसापासून त्याने सांगितलेली प्रत्येक गोष्ट आम्ही दुसऱ्या ठिकाणी पडताळून घेऊ लागलो. यात त्याचा अपमान नव्हता. त्याची खुर्ची बदलली होती.

सरळरेघ

मला हा कौतुकाचा सूर थोडा एकांगी वाटतो. ज्या धंद्यावर लिहायचे त्याच धंद्याच्या परिषदा भरवायच्या, आणि त्या परिषदांना प्रायोजक म्हणून त्याच कंपन्या यायच्या, ही व्यवस्था कोणत्याही वृत्तसंपादकाला अस्वस्थ करील. त्यांचे वाचक कोण होते, तेही पाहावे. बहुतेक जण आपली किंवा गिऱ्हाइकाची वेबसाइट वर आणू पाहणारे. म्हणजे ही मुख्यतः व्यापारी पत्रकारिता. ती प्रामाणिक असू शकते, पण तिच्याकडे नागरिकांच्या बाजूची पत्रकारिता म्हणून पाहणे मला पटत नाही.

शाईची_दौत

सरळरेघ, परिषदांविषयीचा आपला आक्षेप मला मान्य आहे. मूळ लेखात मी तो स्वतःहून मांडायला हवा होता. मात्र दुसऱ्या मुद्द्याबाबत एक प्रकरण पुढे ठेवते.

1998 मध्ये गोटू नावाच्या शोधयंत्राने पैसे मोजणाऱ्याला वरची जागा देण्याची पद्धत रूढ केली. गोटूने ते लपवले नव्हते. पुढे इतर कंपन्यांनी पैसे घेऊन दिलेले निकाल साध्या निकालांत अशा रीतीने मिसळायला सुरुवात केली की वाचणाऱ्याला फरक कळू नये. जुलै 2001 मध्ये कमर्शियल अलर्ट या ग्राहकहितासाठी काम करणाऱ्या संस्थेने अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे, म्हणजे ग्राहकांच्या फसवणुकीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे, तक्रार केली, आणि जून 2002 मध्ये कमिशनने शोधयंत्र कंपन्यांना पत्र लिहून पैसे घेतलेले निकाल स्पष्टपणे वेगळे दाखवण्यास सांगितले. कोणती कंपनी ते पाळते आणि कोणती नाही, हे सुलिव्हन यांच्या प्रकाशनाने तपासून लिहिले. दहा वर्षांनी, 2012 मध्ये, ती पथ्ये सैल झाली आहेत असे दिसल्यावर त्यांनी कमिशनला जाहीर पत्र लिहिले. जून 2013 मध्ये कमिशनने कंपन्यांना पुन्हा नव्याने पत्रे पाठवली.

जाहिरातीमागची फिकट रंगाची पट्टी किती फिकट झाली, 'जाहिरात' हा शब्द कोणत्या कोपऱ्यात किती बारीक छापला, याचा हिशेब वर्षानुवर्षे ठेवणारा माणूस व्यापारी प्रकाशनाचा असला, तरी तो हिशेब तुमच्या-माझ्या उपयोगाचा होता.

कोरा_कागद

मायक्रोसॉफ्टच्या बिंग या शोधयंत्राचे प्रकरण कोणीच कसे काढले नाही? माझ्या मते बातमीदार म्हणून त्यांची कसोटी तेथे लागली.

2010 च्या उन्हाळ्यात गूगलच्या अभियंत्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. डोळ्याच्या पापण्यांवरील एका शस्त्रक्रियेचे नाव कोणी चुकीच्या स्पेलिंगने शोधले, तर गूगल ते दुरुस्त करून योग्य पान दाखवत असे. काही काळाने बिंग तेच पान दाखवू लागले, पण स्पेलिंग दुरुस्त न करता. दुरुस्ती केलीच नाही तर योग्य पान सापडले कसे? मग गूगलने सापळा रचला. कोणीही कधी शोधणार नाही असे सुमारे शंभर निरर्थक शब्द तयार केले आणि प्रत्येकासाठी एखादे संबंध नसलेले पान मुद्दाम पहिल्या जागी बसवले. त्यांतील एक शब्द एच-आय-वाय-बी-बी-पी-आर-क्यू-ए-जी असा होता, आणि त्यापुढे लॉस एंजेलिसच्या एका नाट्यगृहाचा आसननकाशा ठेवलेला होता. सुमारे वीस अभियंत्यांनी घरी बसून मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरमधून, बिंगचा टूलबार लावून, ते शब्द गूगलवर शोधले आणि ती पाने उघडली. डिसेंबर 2010 च्या दुसऱ्या पंधरवड्यात हा प्रयोग झाला. त्यानंतर सात ते नऊ शब्दांसाठी तीच पाने बिंगवर दिसू लागली.

1 फेब्रुवारी 2011 रोजी सुलिव्हन यांनी ही बातमी दिली. त्याच दिवशी सॅन फ्रान्सिस्कोत एका चर्चासत्रात गूगलचे मॅट कट्स आणि मायक्रोसॉफ्टचे हॅरी शम एकाच मंचावर होते, आणि सभागृहात दुसरा विषयच राहिला नाही. मला अधिक मोलाचे वाटते ते पुढचे. काही दिवसांतच त्यांनी मायक्रोसॉफ्टची बाजू स्वतंत्र आणि दीर्घ लेखात मांडली. वापरणारे कोठे क्लिक करतात ही माहिती बिंगकडे त्यांच्या संमतीने येते आणि क्रमवारी ठरवणाऱ्या अनेक खुणांपैकी ती एक आहे, हा मुद्दा त्यांनी नीट समजावून सांगितला. शंभरांपैकी सात-नऊच शब्द का सापडले, याचेही उत्तर त्यात दडलेले आहे. आपणच उडवून दिलेल्या बातमीची धार आपणच कमी करायला मन मोठे लागते.

येवल्याची_विणकर

मी तंत्रज्ञ नाही. आमचा पैठणीचा घरचा व्यवसाय आहे आणि 2009 मध्ये आम्ही वेबसाइट काढली. एका सल्लागाराने पहिल्या क्रमांकाची हमी दिली आणि त्यासाठी आमच्या दृष्टीने मोठी रक्कम घेतली. तीन महिने वेबसाइट वर दिसली, नंतर नावानेही सापडेना. माझ्या भाच्याने पान उघडून माउसने सगळा मजकूर निवडला, तेव्हा तळाशी कोऱ्या दिसणाऱ्या जागेत ओळीच्या ओळी निळ्या झाल्या. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत 'पैठणी, पैठणी साडी, येवला पैठणी' असे शेकडो वेळा लिहून ठेवले होते. ते पाहून माझ्या अंगावर काटा आला. आमच्या दुकानाच्या नावाने कोणी खोटे बोलत होते आणि आम्हालाच ठाऊक नव्हते.

या युक्तीला काय म्हणतात, ती का चालत नाही आणि शोधयंत्राकडून शिक्षा झाली तर अर्ज कसा करायचा, हे भाच्याने अशाच पत्रकारांचे लेख वाचून मला समजावले. लेख कोणाचे होते हे मला तेव्हा माहीत नव्हते. सरळरेघ दादा, व्यापारी पत्रकारिता म्हणाल तर आम्हीही व्यापारीच आहोत. आम्हाला खरे सांगणारे कोणीतरी हवे होते.

सरळरेघ

ताई, आपला अनुभव वाचून वाईट वाटले, आणि माझे म्हणणे मी थोडे बदलतो. छोट्या व्यावसायिकाला फसवणुकीपासून वाचवणारी माहिती ही लोकहिताचीच माहिती आहे.

तरी 2017 चा प्रश्न उरतोच. त्याच वर्षी मार्च आणि एप्रिलमध्ये सुलिव्हन यांनी गूगलवर आयुष्यातील बहुधा सर्वांत कठोर लेखन केले होते. निकालांच्या वर एका चौकटीत एकच उत्तर दाखवण्याची पद्धत कशी फसते, ओबामा सत्तापालटाचा कट रचत आहेत असली थाप गूगलचा घरगुती स्पीकर ठाम आवाजात कशी वाचून दाखवतो, हे त्यांनी उदाहरणांसह मांडले. जूनमध्ये त्यांनी संपादकीय जबाबदारी सोडत असल्याचे सांगितले आणि ऑक्टोबरमध्ये ते गूगलचे जनसंपर्क दुवा झाले. हे बेकायदा नाही, गुपचूपही नाही. पण सर्वांत जाणता टीकाकार आत गेल्यावर बाहेर त्याच्या तोडीचा कोण राहिला?

निवृत्त_वार्ताहर

त्यांची स्वतःची भूमिका अशी होती की आत जाऊन लोकांच्या तक्रारी अभियंत्यांपर्यंत पोहोचवाव्यात आणि यंत्राचे काम लोकांना समजावून सांगावे. हेतूवर मी शंका घेणार नाही. 2025 च्या उन्हाळ्यापर्यंत, म्हणजे जवळपास आठ वर्षे, त्यांनी ते काम केले. गूगलने सप्टेंबर 2023 मध्ये क्रमवारीच्या पद्धतीत केलेल्या बदलानंतर अनेक छोट्या वेबसाइटींचे वाचक एकाएकी आटले, तेव्हा संतापलेल्या लोकांना सार्वजनिक उत्तरे देण्याची जबाबदारी त्यांच्यावर होती. ज्या लोकांसाठी त्यांनी वीस वर्षे लिहिले, त्यांच्याच रोषासमोर कंपनीतर्फे उभे राहणे किती जड गेले असेल, याची मला कल्पना करता येते.

बाहेर कोण राहिले, या प्रश्नाला एक उत्तर बॅरी श्वार्ट्झ. डिसेंबर 2003 पासून ते 'सर्च इंजिन राउंडटेबल' चालवत आहेत. त्यांची रीत निराळी. वेबसाइटवाले एकमेकांत काय बोलतात, कोणाची क्रमवारी कोणत्या दिवशी कोसळली, यावर ते कान ठेवतात आणि बारीकसारीक नोंदी रोज लिहितात. धार्मिक ज्यू असल्यामुळे शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या, दिवशी ते काम करत नाहीत. बाकी सहसा खंड नाही. सुलिव्हन यांचा लेख म्हणजे रविवारच्या पुरवणीतला सविस्तर लेख, तर श्वार्ट्झ यांचे काम पोलिस ठाण्याच्या रोजच्या डायरीसारखे. आमच्या धंद्यात दोन्ही लागतात, आणि खरे सांगायचे तर डायरी ठेवणारा अधिक दुर्मिळ असतो.

कोरा_कागद

मालकीकडेही लक्ष वेधतो. सुलिव्हन यांनी सहकाऱ्यांसह उभे केलेले 'सर्च इंजिन लँड' ऑक्टोबर 2024 मध्ये सेमरशने विकत घेतले. सेमरश शोधयंत्रांतील क्रमवारी तपासण्याची साधने विकते. म्हणजे साधने विकणारी कंपनी त्याच साधनांच्या बाजारपेठेची बातमीदारी करणाऱ्या प्रकाशनाची मालक झाली. तेथील संपादक आपले काम निष्ठेने करत असतील, पण 1997 मध्ये प्रकाशन विकूनही एका माणसाच्या नावावर जो विश्वास टिकला, तो आता कशावर टिकायचा, हा प्रश्न मला गंभीर वाटतो.

जुना_टंक

या विषयाचा आपल्या भाषेशी असलेला संबंध कोणी मांडला नाही, म्हणून लिहितो. 2002 च्या सुमारास मी एक छोटी मराठी वेबसाइट चालवत असे. युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांतील अक्षरे साठवण्याची सामाईक पद्धत, तेव्हा रुळले नव्हते. प्रत्येकाचा फाँट वेगळा, आणि त्या फाँटमध्ये पडद्यावर 'ज्ञानेश्वर' दिसत असले तरी आत साठलेली असायची इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक माळ. शोधयंत्र ती माळ वाचत असे. त्यामुळे 'ज्ञानेश्वर' असे देवनागरीत शोधणाऱ्याला माझे पान कधीच सापडत नसे. मोठमोठ्या मराठी दैनिकांची त्या वर्षांतील पानेही याच कारणाने शोधापलीकडे राहिली. सुलिव्हन यांनी 1996 मध्ये इंग्रजीसाठी जे करून पाहिले, ते आपल्यासाठी करणारे कोणी असते तर ही अडचण पाच-सहा वर्षे आधी चव्हाट्यावर आली असती, असे मला आजही वाटते.

शाईची_दौत

जुना_टंक काका, आपल्या प्रतिसादाने मला धाग्याचा पुढचा टप्पा सुचला.

मराठीत शब्दाला विभक्ती लागली की त्याचे रूपच पालटते. 'पुणे' शोधणारा, 'पुण्यात' शोधणारा आणि 'पुण्यातील' शोधणारा यांना एकच गोष्ट हवी असते. 'गाव' आणि 'गावाला', 'पाऊस' आणि 'पावसात', 'पाणी' आणि 'पाण्याचा', सगळीकडे हेच. ऱ्हस्व-दीर्घाचे घोळ वेगळे, आणि 'सर्च'सारखे उसने शब्द तीन-तीन प्रकारे लिहिले जातात ते वेगळे. शोधयंत्रे ही रूपे किती एकत्र आणतात आणि कोठे चुकतात, याची रोजनिशी मराठीत कोणी पद्धतशीर ठेवलेली माझ्या पाहण्यात नाही.

मी चाळीस शब्द निवडले आहेत, प्रत्येकाची तीन रूपे. दर सोमवारी सकाळी, कोणत्याही खात्यात लॉग-इन न करता, गूगल आणि बिंग या दोहोंवर ती शोधून पहिल्या दहा निकालांची नोंद करणार आहे. पहिली फेरी काल केली. 'पाऊस' आणि 'पावसात' यांच्या पहिल्या दहा निकालांत दोन्ही यंत्रांवर फार थोडी पाने सामाईक निघाली. एका शहरातून पाहिलेले निकाल दुसरीकडे बदलू शकतात, म्हणून नागपूर, कोल्हापूर आणि पणजी येथून हीच यादी चालवणारे प्रत्येकी एक जण हवे आहेत. काका, शब्दांची यादी आपण एकदा नजरेखालून घालावी, विशेषतः जोडाक्षरांचे शब्द पुरेसे आहेत का ते पाहावे.

जुना_टंक

अवश्य. यादी पाठवा. 'ज्ञ' आणि 'र्‍य' असलेले शब्द मी सुचवतो. जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये आणलेल्या पानांवर हीच अक्षरे अजून सर्वांत जास्त मोडलेली सापडतात. माझी मुलगी पणजीत असते, तिला सोमवारची आठवण करून देण्याचे काम माझ्याकडे.